ठोंब्याच्या गोळ्या

चष्मेवाल्याचं दुकान खाली होतं आणि वर त्याच्या दोन खोल्या. त्याची बायको गेली काही वर्षं त्या खोल्यांतून खाली उतरली नव्हती. कुणी चौकशी केली की तो सांगायचा, तिला त्वचेचा आजार आहे, ऊन सोसत नाही. लोकांना ते पटायचं. कधीतरी जिन्याच्या दारातून तिचे हात दिसायचे आणि ते खरोखर बघवत नसत. कोपरापर्यंत लाल, बोटांच्या सांध्यांवर भेगा, भेगांत सुकलेलं रक्त.

आजार त्वचेचा नव्हता. ती हात धुवायची. उजाडल्यापासून धुवायची.

पूर्वी ती बालवाडीत शिकवायची. तिच्या वर्गातलं एक मूल तापानं फणफणलं आणि तिच्या मनानं घेतलं की तो ताप आपल्याच हातून त्याच्याकडे गेला. मूल आठवड्यात बरं होऊन उड्या मारत परत आलं, पण ही काही परत आली नाही. आधी साबण बदलले, मग नोकरी सुटली, मग माणसं. सगळ्यात अवघड होता तो नळ. हात स्वच्छ झाले असं एकदाचं वाटलं, तरी नळ बंद करायला त्याला हात लावावा लागणार, आणि नळ तर घाण. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तिनं तोड काढली होती. हात झाले की ती टाचेनं जमिनीवर ठोकायची, मग चष्मेवाला गिऱ्हाईक तसंच सोडून वर जायचा आणि नळ बंद करून खाली यायचा.

"वर सुतारकाम चाललंय," तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

"किती वर्षं चालायचं हो?" एका म्हाताऱ्यानं एकदा विचारलं होतं.

"सुतारच तसा भेटलाय," असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली होती.

ठोंब्या हा त्यांचा कुत्रा. दुकानाच्या पायरीवर कुणीतरी सोडून गेलेलं पिल्लू. इतकं मठ्ठ, की हाक मारली तर भिंतीकडे बघायचं, म्हणून ठोंब्या. पुढे तो चांगला दांडगा, पिवळसर, मोठ्या डोक्याचा कुत्रा झाला. बायको त्याला उघड्या हातानं कधी शिवली नाही, रबरी मोजे घालूनच खायला द्यायची. पण दिवसभर बोलायची ती त्याच्याशीच. ती मोरीत असली की तो दाराबाहेर पडून राहायचा, आत पाणी वाहत असेपर्यंत.

तिथेच पडल्या पडल्या तो पुढचा डावा पाय चाटू लागला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग केस गेले, मग कातडी गेली, आणि मनगटाच्या वर रुपयाएवढं लालभडक मांस दिसू लागलं. मलम लावलं तर ते चाटून टाकी. गळ्यात नरसाळ्यासारखी प्लास्टिकची कॉलर घातली, ती भिंतीवर आपटून त्यानं फोडली. गल्लीतल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. तिथे एक डॉक्टरीणबाई अशाच कुत्र्यांवर संशोधन करत होत्या.

बाई पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या, पण जनावराला हात लावताना फार हळू. त्यांच्या खोलीबाहेर पाळीनं बसलेली कुत्री एकापेक्षा एक होती. एक स्वतःच्या शेपटीमागे गोल गोल फिरत होतं, एक भिंतीवर नसलेली माशी पकडत होतं.

"ह्याला आम्ही वाईट सवय म्हणत नाही," ठोंब्याचा पाय बघत बाई म्हणाल्या. "डोक्यात एक चक्र अडकतं. चाटलं की घटकाभर बरं वाटतं, की पुन्हा चाटावंसं वाटतं. थांबायचं कळतं, पण थांबता येत नाही. माणसांतही हा आजार असतो. हात धुणारे, कुलपं तपासणारे. त्यांच्यासाठीच हे सगळं चाललंय."

चष्मेवाल्यानं ठोंब्याची साखळी हाताला एक वेढा देऊन आवळली.

"उंदरांवरही करतात हे काम," बाई पुढे म्हणाल्या. "कळ दाबली की खायला मिळतं, असं उंदराला शिकवायचं. मग खाणं बंद करायचं. काही उंदीर तरी दाबतच राहतात. पण उंदराला आजार आपण लावतो. कुत्र्याला तो आपसूक होतो, माणसासारखा, माणसाच्याच घरात. म्हणून मला कुत्री हवीत. घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बायको."

"घरात काही ताण? कुणाला काही त्रास?"

"छे. दोन माणसांत कसला ताण."

बाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि गोळ्यांची बाटली पुढे केली. "माणसांना देतात तेच औषध आहे. रोज दुपारी, पावाच्या गोळ्यात घालून. मध्ये खंड पडू द्यायचा नाही, एकदम बंद तर मुळीच करायचं नाही. आणि दर महिन्याला आणून दाखवायचा."

घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं, अगदी उंदरांसकट. फक्त माणसांचा भाग गाळला. पण तिनंच विचारलं.

"माणसांना होतो का हो असा आजार?"

"होतो म्हणाल्या."

"आणि औषध तेच?"

"तेच."

ती बराच वेळ मोज्यांची टोकं ओढत बसली. मग म्हणाली, "ती वाईट सवय नाही, असं म्हणाल्या ना बाई? पुन्हा सांगा बरं कसं म्हणाल्या ते."

त्यानं पुन्हा सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिनं ते त्याच्याकडून कितीदा तरी वदवून घेतलं.

दुपारी दुकानात गर्दी असायची, म्हणून गोळी द्यायचं काम तिनं घेतलं. पहिले दोन महिने सगळं बाईंनी सांगितल्यासारखं झालं. ठोंब्याचं चाटणं आधी तुटक झालं, मग थांबलं. जखमेवर खपली धरली, खपलीभोवती लव आली. एक दिवस तो चक्क खिडकीत उभा राहून रस्त्यावरच्या सायकलींवर भुंकला. बाईंनी पायाचे फोटो काढले आणि पहिल्यांदाच हसल्या. "असा गुण फार थोड्यांना येतो," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या महिन्यात ठोंब्यानं पुन्हा पाय धरला.

त्याच सुमारास चष्मेवाल्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात येत होती. वरून ठोकण्याचा आवाज कमी झाला होता. एका दुपारी तर काचेची कड घासता घासता त्यानं ऐकलं, पाणी वाहत होतं आणि ते आपोआप थांबलं. तो वर धावला. त्याला वाटलं, ती पडली की काय. ती मोरीच्या दारात उभी होती, ओल्या हातांनी.

"मीच केला बंद," ती म्हणाली. तिचा चेहरा शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीसारखा झाला होता.

त्यानं का, कसं, काही विचारलं नाही. आनंदाच्या गोष्टीची उलटतपासणी कशाला, असं त्याला वाटलं. तिच्या हातांवरच्या भेगा भरत आल्या, एकदा ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत उतरली. आणि तिच्या मागे, मोरीच्या दाराशी, ठोंब्या सारखा पाय चाटत होता.

बाईंनी गोळ्या वाढवल्या. पाय अधिकच चिघळला. मग त्यांनी रक्त काढून तपासायला पाठवलं आणि चार दिवसांनी त्याला बोलावून घेतलं.

"ह्याच्या रक्तात औषधाचा अंशही नाही," त्या म्हणाल्या.

"असं कसं होईल? रोज देतो आम्ही."

"कोण देतं?"

"घरी देतात."

"मी आरोप करत नाही. पण कुत्र्याच्या पोटात ते जात नाहीये. मग जातंय कुठे, ते बघा."

परतीच्या वाटेवर त्याला बाईंचा राग येत होता. जिना चढेपर्यंत तो राग उतरला. औषध कुठे जातंय, ते त्याला आधीपासून माहीत होतं. फक्त त्याकडे त्यानं पाहिलं नव्हतं.

ती पाव कुस्करत बसली होती.

"गोळ्या तू घेतेस," तो म्हणाला.

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. "हो."

"कधीपासून?"

"त्याला बरं वाटायला लागलं तेव्हापासून. म्हटलं, एक दिवस घेऊन बघू. मग रोज ठरवायचे, आज त्याला द्यायची. पाव मळायचे, गोळी आत घालायचे. आणि मग तो पाव मीच खायचे."

"त्याचा पाय दिसत नव्हता तुला?"

"दिवसभर दुसरं काय दिसतं मला इथे?" ती हळू आवाजात म्हणाली. "दिसत होता म्हणून तर रोज ठरवायचे."

तो खाली बसला. ठोंब्यानं क्षणभर मान वर करून दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"आपण डॉक्टरांकडे जाऊ," तो म्हणाला. "माणसांच्या. हेच औषध तुझ्या नावानं घेऊ. एवढं सोपं आहे."

"त्या दवाखान्यात मी पाय ठेवणार नाही. नाव लिहून घेतात, कारण लिहून घेतात. उद्या बालवाडीतल्या मुलांच्या आयांना कळलं तर म्हणतील, ह्या बाईच्या हाती आम्ही लेकरं दिली होती." तिनं हातातला पाव खाली ठेवला. "कुत्र्याच्या नावानं मी बरी होत होते. तेवढंही तुम्हाला बघवत नाही का?"

त्या वेळी त्यानं तिला दोन कानफटात मारल्या असत्या किंवा उचलून दवाखान्यात नेलं असतं, तरी चाललं असतं, असं पुढे त्याला वाटायचं. पण ती नाही म्हणाली तेव्हा आत कुठेतरी त्याचाही जीव भांड्यात पडला होता. इतकी वर्षं त्वचेचा आजार म्हणून सांगितलं होतं, सुतारकाम म्हणून सांगितलं होतं. ते सगळं आता कुणाकुणासमोर निस्तरायचं?

त्यानं मधली वाट काढली. बाईंना फोनवर सांगितलं, बायकोच्या हातून विसर पडत होता, आता मी जातीनं लक्ष घालतो. बाईंनी पुन्हा गोळ्या दिल्या. तो रोज दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून घ्यायचा आणि काच कापायच्या बारीक पात्यानं गोळीचे दोन भाग करायचा. हात कसलेला, तुकडे अगदी सारखे पडायचे. वर जाऊन एक भाग तिच्या तळहातावर ठेवायचा, एक पावात घालून ठोंब्याच्या घशात सोडायचा. दोघांनी गिळलं याची खात्री झाली की खाली यायचा. न्याय केल्यासारखं वाटायचं त्याला.

अर्ध्या गोळीनं दोघांचंही भागलं नाही. काही दिवसांतच टाचेचे ठोके सुरू झाले. ती नळाशी उभी राहून रडायची, पण हात काही थांबायचे नाहीत. सुटलेली गोष्ट पुन्हा धरली म्हणून तिला स्वतःचीच किळस यायची, आणि किळस आली की पुन्हा पाणी. ठोंब्यानं तर चाटणं सोडून चावायला सुरुवात केली. दातांनी तो आपलाच पाय सोलायचा. खोलीला वास येऊ लागला. चष्मेवाला पट्ट्या बांधायचा, फडकी गुंडाळायचा, एकदा तर त्यानं जुन्या बुटाची कातडी शिवून पायाला चढवली. सकाळी ती चिंध्या होऊन पडलेली असायची. बाईंनी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून दाखवायला न्यायचं मात्र तो टाळत होता.

"पूर्ण त्यालाच द्या," एके दिवशी ती म्हणाली.

त्यानं दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. तिसऱ्या दिवशी ती सकाळपासून मोरीतून बाहेर आली नाही, पाणी संपलं तेव्हा कोरड्याच हातांवर ब्रश घासत बसली. त्या दुपारी त्यानं पुन्हा पातं हातात घेतलं.

ठोंब्याला ताप भरला तेव्हा तो त्याला चादरीत गुंडाळून बाईंकडे घेऊन गेला. बाईंनी पायाचा एक्स-रे काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"हाडात गेलंय," त्या म्हणाल्या. "आणि हाडातून रक्तात."

"पाय काढला तर?"

"महिन्यापूर्वी आणला असतात तर काढला असता. तीन पायांवर कुत्री छान जगतात. आता भूल दिली तर उठणार नाही. उठला तरी दुसरा पाय धरेल. त्याला फार दुखतंय. ते संपवणं तेवढं माझ्या हातात आहे." त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. "उद्या सकाळी या. घरच्यांना भेटवायचं असेल तर घेऊन या."

तो घरी गेला आणि बायकोला सांगितलं. ती येईल असं त्याला वाटलंच नव्हतं.

सकाळी ती कपडे करून जिन्याच्या वर उभी होती. मोजे घातलेले. रस्त्यावर येईपर्यंत तिला किती वेळा परत फिरावंसं वाटलं, ते तिच्या श्वासावरून त्याला कळत होतं. गाडीत ती हात मांडीवर उलटे ठेवून बसली, कशालाही न लावता. ठोंब्या मागच्या सीटवर धापा टाकत होता.

बाईंच्या खोलीतलं टेबल स्टीलचं, थंडगार. ठोंब्याला त्यावर निजवलं. बाई सुई भरत होत्या. तेवढ्यात बायकोनं मोजे काढले. एकेक बोट सोडवत काढले आणि उघडे हात त्याच्या डोक्यावर ठेवले. दोन्ही कान, मान, मग तो पाय, पट्टीच्या वरपर्यंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"ठोंब्या," ती म्हणाली. ती आणखी काहीतरी बोलत होती, पण ते इतकं हळू की त्याला ऐकू आलं नाही.

बाईंची नजर तिच्या हातांवर गेली आणि तिथेच राहिली. लाल, सोललेले, भेगाळलेले हात, आणि त्यांच्याखाली तो पाय. त्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. बाईंनी आधी आपलं काम केलं. ठोंब्याचा श्वास लांबत लांबत गेला आणि थांबला. बायकोनं हात काढले नाहीत.

बाहेरच्या बोळात बाईंनी त्याला गाठलं.

"किती वर्षं आहे त्यांना?"

"बरीच."

"आणि गोळ्या त्या घेत होत्या."

"आधी ती. मग दोघं. मी अर्ध्या करून द्यायचो."

बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं तुम्हाला. एक चिठ्ठी लिहिली असती मी. एक चिठ्ठी. दोघंही बरी झाली असती."

तो ठोंब्याच्या चादरीची घडी घालत राहिला.

"त्याचा मेंदू आम्हाला हवा आहे," मग त्या म्हणाल्या. "ज्यांच्या मालकांनी संमती दिली त्या सगळ्या कुत्र्यांचा घेतो. पण तुमची दोघांची मर्जी असेल तरच."

बायको दारात येऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. "घ्या," ती म्हणाली. "त्याचा कुणाला तरी उपयोग होऊ दे." मग तिनं बाईंपुढे आपले हात धरले, तळवे वर करून. "मला ते डॉक्टर सांगा. आजच."

बाईंनी चिठ्ठी लिहिली. त्याच दिवशी दुपारी ती दोघं माणसांच्या दवाखान्यात बसली होती. तिथला डॉक्टर तरुण होता, समोरच्या कागदावर रकाने भरत विचारत होता.

"पूर्वी ह्यासाठी काही औषध घेतलं होतं?"

"हो," ती म्हणाली आणि नाव सांगितलं.

"कुणी दिलं होतं?"

"कुत्र्याचं होतं. त्याचं मी खाल्लं."

डॉक्टरचं पेन थांबलं. त्याला वाटलं, ही थट्टा करतेय, पण तिच्या तोंडाकडे बघून तो हसला नाही.

"गुण आला होता?"

"आला होता," ती म्हणाली.

तेच औषध तिला तिच्या नावानं मिळालं, आणि आठवड्यातून एकदा तिथल्या समुपदेशक बाईंकडे जाऊन नळाला हात लावायचा आणि हात न धुता बसून राहायचं, असा एक जीवघेणा सराव. वर्षभरात ती बरीच सावरली. पूर्ण नाही. काही दिवस अजूनही मोरीत जातात. पण ती खाली दुकानात येते, फ्रेमा पुसून मांडून ठेवते, गिऱ्हाइकांशी बोलते. बालवाडीतल्या आयांना कळलंच. त्यातल्या एकीनं चष्मा करायला म्हणून येऊन, ती नसताना, हळूच तिच्या डॉक्टरचा पत्ता मागून नेला. कुणासाठी, ते सांगितलं नाही.

तिला कुत्रा पुन्हा नको आहे. त्याचं नाव ती घेत नाही. एवढंच कधीमधी विचारते, "बाईंकडून काही कळलं का? त्याचा उपयोग झाला का?"

मध्यंतरी डॉक्टरीणबाई दुकानात आल्या होत्या. सूक्ष्मदर्शकात बघून बघून डोळे दुखत होते त्यांचे. बायको तेव्हा दवाखान्यात गेली होती. त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर चाचणीची चौकट चढवली, एकेक भिंग बदलत गेला. अक्षरं वाचून झाल्यावर त्यानं विचारलं.

"ठोंब्याचं काय झालं?"

बाईंनी चौकट उतरवून हातात धरली. "तो मोजणीत घेता आला नाही. औषध कधी मिळालं, कधी नाही, कधी अर्धं. असा कुत्रा घेतला तर बाकीच्यांचेही निष्कर्ष बिघडतात. वगळावा लागला."

"मग मेंदू?"

"आहे. बरणीत आहे. टाकवत नाही मला." मग त्या म्हणाल्या, "त्यांना सांगणार आहात का?"

त्यानं कागदावर त्यांचं नाव आणि चष्म्याचा नंबर लिहून घेतला, फ्रेमा पुढे केल्या. बाईंनी साधीशी काळी निवडली आणि गेल्या.

संध्याकाळी बायको परत आली. हातातली पिशवी ठेवता ठेवता तिची नजर टेबलावरच्या कागदावर गेली आणि तिनं नाव वाचलं.

"बाई येऊन गेल्या?"

"हो. चष्म्यासाठी."

"त्याचं काही म्हणाल्या?"

तो फिरत्या चाकावर काच घासत होता. चाक थांबवून त्यानं काच उजेडात धरली, कड बघितली.

"काम चालू आहे म्हणाल्या," तो म्हणाला. "त्याच्यामुळे खूप कळलं, म्हणाल्या."

तिनं तो कागद टेबलावर सरळ करून ठेवला. मग हात धुवायला वर गेली. पाणी वाहू लागल्याचा आवाज आला. चष्मेवाला चाक बंद ठेवून ऐकत बसला.